डाव्या सीटखालचा ब्रेक

आमच्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक उजवीकडे, माझ्या पायाखाली, कंपनीने दिलेला. दुसरा डाव्या सीटखाली. तो कंपनीने दिलेला नाही. आमच्या ह्यांनी सहा वर्षं पाय दाबून दाबून तो स्वतः तयार केला आहे. तिथल्या रबरी मॅटला टाचेएवढं भोक पडलंय. सर्व्हिसिंगवाल्याने एकदा विचारलंही, की मॅडम, गाडीत उंदीर झालेत का. मी हो म्हणाले. खरं सांगण्यापेक्षा उंदीर परवडले.

ह्यांचं नाव रविकिरण. नायगावच्या तहसील कार्यालयात अव्वल कारकून. माणूस गरीब स्वभावाचा, व्यसन कुठलं नाही, घरात आवाज चढवत नाहीत. फक्त मी स्टिअरिंगवर बसले की त्यांच्या अंगात काहीतरी येतं. "क्लच. अगं, क्लच. आता गिअर टाक. हॉर्न दे. वळणावर हॉर्न द्यायचा असतो. म्हैस बघ. तिच्याकडं काय बघून राहिलीस, रस्त्याकडं बघ." नांदेड ते लोहा या एवढ्याशा रस्त्यात एवढ्या सूचना येतात, की त्या लिहून काढल्या तर एक शासन निर्णय होईल, परिशिष्टासह.

मी लोहा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. नांदेडच्या सिडकोतल्या आमच्या घरापासून शाळा तेहेतीस किलोमीटर. माझ्याकडे सहा वर्षांपासून लायसन्स आहे. तरी मी रोज सकाळी नाक्यावर जाऊन काळीपिवळी जीपमध्ये बारावी सवारी म्हणून बसते, म्हणजे अर्धी बसते आणि अर्धी दाराला धरून असते. हे बसने नायगावला जातात, कारण त्यांचा बसमधला मित्रांचा कंपू ठरलेला आहे. आणि गाडी? गाडी दिवसभर अंगणात कव्हर पांघरून झोपते. दर जूनमध्ये मी किल्ली मागते. दर जूनमध्ये हे म्हणतात, अजून जरा हात बसू दे. हात बसायला गाडी लागते आणि गाडी मिळायला हात बसलेला लागतो, हे मी चौथीच्या मुलांना सांगितलं तर त्यांनाही कळेल. ह्यांना कळत नाही.

या सहा वर्षांत मी एक कला मात्र कमावली. डावीकडून सूचना आली की "हो हो" म्हणायचं आणि आपल्याला पाहिजे तेच करायचं. सुरुवातीला जड गेलं. पुढे कानांना सवय झाली, तोंड आपोआप "हो हो" म्हणू लागलं आणि हातपाय आपलं काम करू लागले. ही कला मला एक दिवस खड्ड्यात घालणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझ्या अठ्ठेचाळिसाव्या वाढदिवसाला आमच्या बुद्धप्रियाचा हैदराबादहून फोन आला. ती तिथे नोकरी करते. म्हणाली, मम्मी, तुझ्यासाठी एक दिवस बुक केलाय. लातूरच्या पुढे, औशाकडच्या माळावर एका कंपनीने गाड्या पळवायचा ट्रॅक केलाय, तिथे आपली गाडी न्यायची आणि पळवायची. मी म्हणाले, बाई, मी साठच्या वर कधी गेले नाही, माझं काय काम तिथे. तर ती म्हणाली, "मम्मी, तिथं शेजारच्या सीटवर पप्पा नसतात."

पुढचं काही मी ऐकलं नाही. कधी आहे, एवढंच विचारलं.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे भाकरी मोडत होते. मोडलेली भाकरी तशीच राहिली. मग म्हणाले, ठीक आहे. गाडी एकही ओरखडा न येता परत आली तर सोमवारी किल्ली तुझी, रोज शाळेला ने. ओरखडा आला तर रिटायर होईपर्यंत किल्लीचं नाव काढायचं नाही. साक्षीदार म्हणून माझ्या सासूबाई सरजाबाई हजर होत्याच. त्यांना मी आत्या म्हणते. वय शहात्तर, नजर शाबूत, प्रश्न त्याहून शाबूत.

"कुठं जायाचं म्हनं?" आत्यांनी विचारलं.

मी सांगितलं, लातूरला. तिथे एक गोल रस्ता आहे, त्यावर जोरात गाडी चालवायची.

"पोचायचं कुठं?"

"कुठंच नाही. फिरून तिथंच यायचं."

"मंग निघायचं कामून?" आत्या म्हणाल्या. "खळ्यावर बैल फिरत्यात, तर निदान दानं तरी निघत्यात."



मग फॉर्म आला. नऊ पानांचा, इंग्रजीत. आमच्या घरात नऊ पानांचा फॉर्म येणं म्हणजे ह्यांच्यासाठी सणच. लाल पेन घेऊन बसले. "कंपनी जबाबदार राहणार नाही" हे वाक्य त्यांनी अकरा ठिकाणी शोधलं आणि अकराही ठिकाणी समासात "असहमत" लिहिलं. सोबत विषय आणि संदर्भ घालून एक पत्र जोडलं. "पूर्वीचा अनुभव" असा एक रकाना होता. तिथे मी शून्य लिहिणार होते. हे म्हणाले, सरकारी माणसाने शून्य लिहायचं नसतं, आणि स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: सहा वर्षे, प्रशिक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली. दोन दिवसांनी कंपनीतून फोन आला. मॅडमचे प्रशिक्षक कोण, असं विचारलं. हे म्हणाले, "मीच की." आणि ताठ मानेने फोन ठेवला. या एका रकान्याने पुढे काय केलं ते येईलच.

रविवारचा दिवस होता म्हणून रजेचा प्रश्न नव्हता. पण सरकारी कर्मचाऱ्याला सुट्टीतही मुख्यालय सोडायला परवानगी लागते. सगळेच सोडतात, कोणी विचारत नाही. मी मात्र ह्यांची बायको. ह्यांनी अर्ज लिहून दिला आणि मी तो मुख्याध्यापक अण्णाराव सरांपुढे ठेवला. सरांनी आयुष्यात असा अर्ज पहिल्यांदाच बघितला असावा. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला. कारणाच्या जागी "वेगवान वाहनचालन" होतं. सर म्हणाले, मॅडम, हे असं वर कसं पाठवू, चौकशी लागेल. शेवटी तोडगा निघाला. कारण "प्रशिक्षण" लिहायचं. पण प्रशिक्षण म्हटलं की प्रमाणपत्र आलं, अहवाल आला, आणि सोमवारी परिपाठानंतर इतर शिक्षकांना त्याची माहिती देणं आलं. मी कबूल केलं. किल्लीसाठी मी काहीही कबूल केलं असतं.

आमच्या गल्लीत एखादी गाडी लातूरला निघाली की ती रिकामी जात नाही. निम्म्या गल्लीची मुलं तिथे डॉक्टर व्हायच्या तयारीला ठेवलेली आहेत. वरच्या मजल्यावरच्या केवळाबाईंची शिवांगी तर दोन वर्षांपासून तिथल्या हॉस्टेलवर आहे. शनिवारी संध्याकाळी केवळाबाई खाली आल्या, तर मागे त्यांचा नवरा एक गादी घेऊन उभा. सुतळीने आवळून बांधलेली. शिवांगीची पाठ दुखते म्हणे. गादीपाठोपाठ धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, एक बादली आणि टेबलफॅन आला. मी म्हणाले, अहो, मी शर्यतीच्या रस्त्यावर चाललेय. त्या म्हणाल्या, "हाव की, मग लवकर पोचताल. धपाटे मऊ राहतेत."

जाताजाता त्यांनी चाकाखाली ठेवायला एक लिंबू दिलं. आत्यांनी ते शांतपणे उचलून पदरात बांधलं. म्हणाल्या, आमच्यात चाकाखाली चालत न्हाई, सरबताला चालतं.

रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. आत्या सोबत आल्याच. सुनेला एकटीला कुठल्यातरी माळावर कशी सोडायची, हा त्यांचा मुद्दा. पण नवी नऊवारी नेसल्या होत्या, त्यावरून मला काय समजायचं ते समजलं. गाडी ह्यांनीच चालवली. तुझे हात ताजे राहू दे, म्हणाले. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर ओलांडलं. शिवांगीच्या हॉस्टेलवर पालकांना अकरानंतरच सोडतात, आणि ट्रॅकवर हजेरी नऊची. त्यामुळे गादी, फॅन, बादली आणि धपाट्यांसह आम्ही ट्रॅकच्या फाटकातून आत शिरलो.

आत पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या. बुटक्या, रुंद, आवाज करणाऱ्या. पोरं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून फिरत होती. मी शाळेच्या क्रीडा स्पर्धेचे पांढरे कॅनव्हासचे बूट, पंजाबी ड्रेस आणि त्यावर ह्यांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, कारण बाह्या पूर्ण पाहिजेत असं पान सहावर लिहिलं होतं. ओढणी तपासणीतच काढून घेतली. हेल्मेट अंबाड्यावर बसेना. शेवटी अंबाडा सोडून वेणी घालावी लागली, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी आमच्याच शाळेतल्या मुलीसारखी दिसू लागले.

गाडीत सुटी वस्तू एकही नको, असा नियम होता. तपासणीवाल्याने मागचं दार उघडलं. मग एकेक वस्तू बाहेर निघाली. गादी कडेच्या कठड्याजवळ उलगडली. आत्या तिच्यावर मांडी घालून बसल्या, शेजारी बादली, फॅन, डबा. लांबून बघणाऱ्याला कुणीतरी इथे बिऱ्हाड मांडलंय असं वाटलं असतं. डॅशबोर्डवरची बुद्धाची छोटी मूर्ती त्याने हलवून बघितली. ती हलली नाही. तेवढी एक वस्तू गाडीत राहिली.

या सगळ्या उचलाउचलीत एक घोटाळा झाला. कुठल्या रंगाच्या झेंड्याचा काय अर्थ, हे समजावून सांगायची सभा तेवढ्यात होऊन गेली. आणि दुसरा घोटाळा असा, की "सहा वर्षे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली" वाचून कंपनीने मला नवख्यांच्या तुकडीत न घालता मधल्या, म्हणजे सरावलेल्यांच्या तुकडीत घातलं होतं. मी सांगायला गेले, तर हे कानात म्हणाले, "राहू दे. पदोन्नती नाकारायची नसते."

माझ्या शेजारी बसायला कंपनीचा वीरेश नावाचा शिक्षक आला. तिशीतला, उदगीरचा, मऊ बोलणारा. आत्यांना बघून "अव्वा, नमस्कार" म्हणाला, त्यामुळे आत्यांनी त्याला लगेच धपाटं दिलं. खाऊन झाल्यावर तो डाव्या सीटवर बसला, पट्टा बांधला, आणि मॅटमधल्या भोकाकडे बघून काही विचारलं नाही. तिथेच मला तो माणूस आवडला.

निघाले. पहिलं वळण आलं, मी हॉर्न दिला. दुसरं आलं, हॉर्न दिला आणि डावा इंडिकेटरही लावला. वीरेश म्हणाला, मॅडम, समोरून इथं कुणी येत नाही. मी म्हणाले, हो हो. तिसऱ्या वळणाला हॉर्न दिला.

पंचेचाळीसच्या वेगाने माझा पहिला फेरा चालला होता. मागे गाड्यांची रांग लागलेली. तेवढ्यात कडेच्या चौथऱ्यावरच्या माणसाने माझ्याकडे बघून एक झेंडा हलवायला सुरुवात केली. निळा. भर माळावर, अनोळखी जागी, खास माझ्याकडे बघून निळा झेंडा. मला भरून आलं. आपल्या डॅशबोर्डवरची मूर्ती त्याला दिसली असणार, असंच मला वाटलं. मी स्टिअरिंगवरचा एक हात सोडून वर केला आणि हेल्मेटमधूनच "जय भीम" म्हणाले. तो आणखी जोरात हलवू लागला. पलीकडे गादीवर आत्याही उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी दोन्ही हात जोडले होते.

निळ्या झेंड्याचा अर्थ "मागून वेगवान गाडी येतेय, बाजू द्या" असा असतो, हे मला दुपारी कळलं. वीरेश तेव्हाही तेच सांगत होता, साइड द्या मॅडम, साइड द्या. पण ते डावीकडून येत होतं. मी हो हो म्हणत होते.

दुसऱ्या फेऱ्यात पुन्हा निळा झेंडा. पुन्हा माझा हात वर. आता मला धीर आला होता. आपली माणसं बघताहेत, तर पंचेचाळीसने काय जायचं? मी पाय दाबला. साठ. सत्तर. गाडी आपलीच, पण तिचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. अंगणात कव्हराखाली झोपणारी ही गाडी आतून अशी आहे, हे मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. नव्वद. मोठं डावं वळण समोर आलं. वीरेश म्हणाला, ब्रेक. मी म्हणाले, हो हो. तो म्हणाला, "मॅडम, ब्रेक. ब्रेक." मी अगदी मनापासून म्हणाले, "हो हो."

रस्ता डावीकडे गेला. आम्ही सरळ गेलो.

बाहेर बारीक खडीचा पट्टा होता. गाडी त्यात घुसली, खडखड खडखड करत एकदा अर्धी फिरली आणि थांबली. धूळ उडाली. काही क्षण काहीच दिसलं नाही. धूळ बसली तेव्हा डॅशबोर्डवर मूर्ती जागच्या जागी होती, वीरेश जागच्या जागी होता, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ओरखडा.

वीरेशने हेल्मेट काढलं. रागावला नव्हता. हळूच विचारलं, "मॅडम, माझा आवाज येत नव्हता का?"

"येत होता."

"मग?"

आता काय सांगायचं? पण खोटं बोलायचं त्राण नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. सहा वर्षं, म्हैस, हॉर्न, "हो हो", आणि मॅटमधलं भोक. त्याने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "तुमचे प्रशिक्षक मला एकदा बघायचेत."

गाडी दोरीने ओढून परत आणली, तेव्हा प्रशिक्षक कठड्याशी उभे होते. चेहरा पांढरा. माझ्याकडे बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. मी धड आहे हे दिसल्यावर मग गाडीकडे वळले आणि पंचनामा सुरू केला. खाली वाकून, गुडघे टेकून, चारी बाजूंनी. ओरखडा एकही नव्हता. पण पुढचा बंपर डावीकडून निखळून लोंबत होता. हे उठले आणि म्हणाले, झालं. मी म्हणाले, ओरखडा ठरला होता, बंपर ठरला नव्हता. हे म्हणाले, बंपरमध्ये ओरखडा समाविष्ट आहे. मी म्हणाले, कुठल्या नियमाने? रडायचं नाही असं ठरवलं होतं. जीपचं दार डोळ्यांपुढे आलं, पुढची दहा वर्षं.

तेवढ्यात वीरेश मध्ये आला. ह्यांना अगदी आदराने म्हणाला, सर, तुम्ही सहा वर्षं शिकवलंय, मला तुमची पद्धत समजून घ्यायची आहे. मी गाडी चालवतो, तुम्ही शेजारी बसा आणि नेहमीसारखं शिकवा. आपल्या कामाची अशी दखल ह्यांच्या तहसीलमध्येही कुणी घेतली नव्हती. हे हेल्मेट घालून त्याच्या बुटक्या गाडीत बसले सुद्धा.

वीरेशने तीन फेरे मारले. तो किती वेगाने गेला ते मी सांगत नाही, कारण पाहिलं नाही. दिसत होती ती गाडी नव्हती, नुसता आवाज होता. पण प्रत्येक वेळी समोरून जाताना त्या आवाजातून ह्यांचा आवाज येत होता. पहिल्या फेऱ्याला "ब्रेक दाबा हो", दुसऱ्याला "ब्रेक", तिसऱ्याला फक्त "ब्रे". गाडी थांबली तेव्हा हे उतरले, दोन पावलं चालले आणि गादीवर येऊन बसले. तोंड उघडलं. त्यातून काहीच निघालं नाही. पुन्हा उघडलं. घसा पार बसला होता.

आत्यांनी पदरातलं लिंबू सोडलं, बादलीत पाणी आणवलं आणि मीठसाखर घालून सरबत केलं. ते पाजता पाजता ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रव्या, तू बोलतूस ते तिच्यासाठी न्हाई बाबा. तुला भ्या वाटतं म्हून बोलतूस. बाप गाडीखाली गेला तवा तू अकरा वर्षाचा व्हतास. मला ठाव हाय."

मला ठाऊक नव्हतं. म्हणजे सासरे अपघातात गेले हे माहीत होतं. लोह्याच्या रस्त्यावर गेले हेही माहीत होतं. पण ते आणि डाव्या सीटखालचा ब्रेक, हे दोन मी कधी जोडून बघितले नव्हते. हे मान खाली घालून सरबत प्यायले. मला माझ्या सगळ्या "हो हो"ची लाज वाटली.

दुपारी मला दुसरी पाळी होती. बंपर तात्पुरता काढून ठेवला. आधी वीरेशने झेंड्यांचे अर्थ समजावले. निळ्याचा अर्थ ऐकून मी ओशाळले, तर तो म्हणाला, चौथऱ्यावरचा तो माणूस विचारत होता, सकाळच्या मॅडम परत कधी येणार. आजवर त्याला एवढ्या प्रेमाने कुणी हात केला नव्हता. मग गाडीत बसल्यावर त्याने करार केला. प्रत्येक वळणाला मी एकदाच बोलणार, एकच शब्द. तुम्ही "हो हो" म्हणायचं नाही. करायचं.

आणि तो खरंच एकदाच बोलला. "ब्रेक." मी दाबला. "वळा." वळले. "सोडा." सोडलं. मग तो गप्प, आणि मी, आणि रस्ता. निळा झेंडा दिसला की मी बाजू देत होते, आणि हात मात्र तरीही वर करत होते. आमच्या तुकडीत मी शेवटची आले. पण शेवटच्या फेऱ्यात मोठं डावं वळण मी त्याने सांगायच्या आधीच नीट घेतलं. तो सरळ समोर बघत म्हणाला, "बरोबर." डावीकडून "बरोबर" हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. हेल्मेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत, हे नऊ पानांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

चार वाजता निघालो. गादीच्या सुतळीने आत्यांनी बंपर बांधला. आत्यांची गाठ, आमच्या गाडीच्या कुठल्याही नटबोल्टपेक्षा पक्की. प्रश्न होता चालवणार कोण. हे किल्ली घेऊन उजव्या दाराशी गेले. किल्ली कुलपाच्या आजूबाजूला फिरत राहिली, आत जाईना. मग त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली, वळसा घालून आले आणि डावीकडे बसले.

शिवांगीला सामान दिलं. गादी सैल कशी, असं तिने विचारलं. मी म्हणाले, मोठी गोष्ट आहे बेटा, तू अभ्यास कर. मग लातूर सोडलं. चाकूरपर्यंत मी वाट बघत होते. एक ट्रॅक्टर आला, दोन कुत्री आडवी गेली. डावीकडून काही नाही. घसाच नव्हता. आधी बरं वाटलं, मग चुकल्यासारखं वाटायला लागलं. अहमदपूरच्या पुढे बघते तर हे झोपले होते. तोंड उघडं, मान खिडकीला टेकलेली. मी चालवत असताना हा माणूस सहा वर्षांत एकदाही डोळे मिटून बसला नव्हता. मागून आत्या हळूच म्हणाल्या, "सावकाश घे. निजू दे त्याला."

मी पन्नासच्या वर गेले नाही. लोह्याच्या अलीकडे एक मोठा गतिरोधक आहे, त्याच्याआधी मी वेग कमी केला. आणि पाहिलं, झोपेतच ह्यांचा उजवा पाय मॅटच्या भोकात गेला आणि हळूच दाबला गेला. गाडी हळू व्हायच्या वेळी हळू झाली. त्या वेळी ब्रेक दोघांनीही दाबला होता.

सोमवारी सकाळी चहाच्या कपाखाली एक कागद होता. ह्यांच्या सुवाच्य अक्षरात. विषय: वाहनाची किल्ली हस्तांतरित करणेबाबत. बंपर हा ओरखडा या संज्ञेत मोडत नसल्याचे निदर्शनास आल्याने श्रीमती ज्योत्स्ना यांना आजपासून वाहन नेण्यास परवानगी देण्यात येत आहे. अट एक: वळणावर हॉर्न द्यावा. अट दोन: पोचताच फोन करावा. प्रत माहितीस्तव: श्रीमती सरजाबाई. खाली सही, आणि सहीवर किल्ली.

नाक्यावर काळीपिवळीवाल्याने मला हात केला. मी हॉर्न दिला आणि पुढे गेले. शाळेच्या फाटकात गाडी लावली, तेव्हा अण्णाराव सर दारातच होते. आधी सुतळीने बांधलेला बंपर बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, अहवाल? मी म्हणाले, देते सर, आधी एक फोन.

पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत फोन उचलला गेला. म्हणजे हातातच धरून बसले होते. नायगावची बस चुकवून. मी म्हणाले, पोचले. पलीकडे नुसता श्वास. घसा अजून उघडला नव्हता. मग मलाच राहवेना. मी सांगत सुटले, की लोह्याच्या अलीकडे म्हैस होती, मी तिच्याकडे नाही बघितलं, रस्त्याकडेच बघितलं, गतिरोधकाला दुसरा गिअर टाकला, वळणावर हॉर्न दिला, आणि आता तुम्ही घशाला गरम पाणी घ्या, मिठाच्या गुळण्या करा, दहीभात खाऊ नका, बसने जाऊ नका, आज रजा टाका.

पलीकडून मोठ्या कष्टाने, बसक्या घशातून आवाज आला.

"हो हो."

आणि हे आता काय करणार आहेत, ते मला बरोबर कळलं.